खेकडा छाप

मला कॉम्प्युटर कळत नाही, खोकी कळतात. घोलवडला आमची चिकूची पॅकिंग शेड आहे. सासऱ्यांच्या वेळी लाकडी पेट्या होत्या, नंतर पुठ्ठ्याची खोकी आली. खोकं उचललं की आत माल किती, कुठल्या बाजूला जास्त भरलाय, तळाला काही लपवलंय का, हे मी न उघडता सांगते. यात हुशारी काही नाही, माझी शाळा चौथीत सुटली. आयुष्यभर खोकीच उचलली, दुसरं काय येणार? रावजीची जी गोष्ट मी सांगणार आहे ती मला अशीच कळली. तो आपणहून सांगणाऱ्यातला नव्हता.

रावजी तलासरीच्या डोंगराकडच्या पाड्यावरचा. घरी भात आणि नागली, दोन भाऊ शेतात. हा वापीला कुठल्याशा दुकानात टीव्ही, मग कॉम्प्युटर दुरुस्त करून आलेला. शेडची मागची बाजू भाड्याने मागायला आला तेव्हा मी विचारलं, काय ठेवणार? म्हणाला, कॉम्प्युटर बनवणार. मी म्हटलं, कॉम्प्युटर कंपनी बनवते. तो म्हणाला, "तेच तर काकी. लोकांना असं वाटतं, म्हणून कंपनी वाटेल तो भाव लावते."

उंच, हडकुळा माणूस. शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं, खिशाला पेनाच्या जागी स्क्रू ड्रायव्हर. कामाला बसण्याआधी चपला दाराबाहेर काढायचा आणि डॉक्टरसारखे कोपरापर्यंत हात धुवायचा. आमच्या बायका चिकू धुवायच्या त्याच नळावर. त्या हसायच्या, आज कोणाचं ऑपरेशन म्हणून. तो हसायचा नाही. चिकूवरची धूळ यंत्रात गेली तर काय होतं यावर त्यांना भाषण द्यायचा आणि त्यांचा हात थांबायचा. मग मला ओरडावं लागायचं.

तो बनवायचा काय, ते मला समजलं तेवढं सांगते. एक मोठी परदेशी कंपनी आहे. नाव कशाला घ्या, सगळ्यांना माहीत आहे. लग्नाचं शूटिंग करणारे, फोटो स्टुडिओवाले, छपाईवाले, या सगळ्यांना तिचंच यंत्र पाहिजे असतं. पण घ्यायचं तर कंपनी ठेवील त्या दोन-चार नमुन्यांतलंच घ्यायचं. आत काही वाढवायचं असेल तर घेतानाच सांगायचं, तेही तिच्या भावाने. नंतर झाकण उघडत नाही. भाव असा, की तलासरीच्या पोराने तीन लग्नसराया शूटिंग केलं तरी यंत्र कंपनीच्या काचेतच. रावजी मुंबईच्या बाजारातून सुटे भाग आणायचा, पत्र्याच्या ट्रंका बनवणाऱ्याकडून डबे करून घ्यायचा आणि कंपनीचा जो आतला कारभार असतो, जो फक्त तिच्याच यंत्रात चालावा असं तिने लिहून ठेवलेलं असतं, तो या डब्यात चालवून दाखवायचा. निम्म्याहून कमी भावात.

मी त्याला सरळ म्हटलं, ही चोरी आहे. त्याला राग आला नाही. म्हणाला, त्यांची खूण लावली असती तर चोरी. मी माझी खूण लावतो.

हे मात्र खरं होतं. डबा गेरूच्या रंगाचा, आणि झाकणावर पांढऱ्या रंगाने काढलेला खेकडा. तो त्याची बायको लखमी काढायची. पाड्यावर घराच्या भिंतीवर चित्रं काढतात तसा, दोन त्रिकोण जोडून अंग आणि सहा पाय. खेकड्याला पाय जास्त असतात असं मी एकदा तिला म्हटलं. ती म्हणाली, "हा सहावरच चालतो, काकी." तिने बदललं नाही.

गिऱ्हाईक आलं की रावजी आधी आपल्या डब्याची निंदा करायचा. हे बटण चालणार नाही, ते मधेच अडकेल, आवाज पंख्यासारखा येईल. इतकी निंदा ऐकून गिऱ्हाईक उठायला लागलं की म्हणायचा, "पण काम कंपनीसारखंच होईल. कंपनीचं काय नि आपलं काय, वीज एकच." हे त्याचं आवडतं वाक्य. पैसे घेताना, शिव्या खाताना, भावाबरोबर बांधावरून भांडतानासुद्धा, वीज एकच.

आणि शपथ. त्याच्या टेबलामागे महालक्ष्मीचं कॅलेंडर होतं. डबा नेण्याआधी गिऱ्हाइकाने त्यावर हात ठेवून देवीची शपथ घ्यायची, की अपडेट दाबणार नाही. कंपनी अधूनमधून निरोप पाठवते, तुमचं यंत्र नवं करून देते, इथे दाबा. खऱ्या यंत्रात दाबलं तर ते नवं होतं. रावजीच्या डब्यात दाबलं तर कंपनीचा कारभार आत इकडेतिकडे बघतो, हे घर आपलं नाही हे त्याला कळतं आणि सगळं बंद पडतं. दुसऱ्या कुठल्या दुकानात नियम कागदावर लिहून देतात. रावजी म्हणायचा, कागद कोण वाचतो? महालक्ष्मीला आपल्याकडे सगळे घाबरतात.

दिनेश म्हणून तलासरीचा एक लग्नाचं शूटिंग करणारा होता, रावजीचं पहिलं गिऱ्हाईक. त्याने शपथ घेतली आणि पाळली. पण त्याची सासू राहायला आली. पडद्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका बघून तिला चैन पडेना. हा ठिपका जात का नाही म्हणून तिने जावयाला विचारलं. तो म्हणाला, दाबला तर जाईल, पण मला देवीची शपथ आहे. सासू म्हणाली, मला कुठे आहे? आणि दाबला.

आत एका पुढाऱ्याच्या मुलीचं अख्खं लग्न होतं. दिनेश डबा मांडीवर घेऊन रिक्षातून घोलवडला आला तेव्हा त्याचा चेहरा मयताला आल्यासारखा. रावजीने दिवसभर बसून ते लग्न बाहेर काढलं. दिनेशला एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र कॅलेंडर भिंतीवरून काढून, गुंडाळून, बसने तलासरीला गेला आणि सासूलाही शपथ घ्यायला लावली. तिने शपथ घेतली, पण आधी विचारलं, "तुझी वस्तू नीट असती तर देवीला राखणीला का बसवलं असतंस?"

हे रावजीनेच मला येऊन सांगितलं. चहा घेतला नाही. म्हातारी फार बोलते, एवढंच म्हणाला. त्यानंतर डबा न्यायला आलेल्याला तो घरात कोण कोण आहे ते विचारायचा आणि सगळ्यांना शपथेला बोलवायचा. एकाच डब्यासाठी शेडमध्ये कुटुंबच्या कुटुंब उभं राहिलेलं मी पाहिलंय. बायका चिकू निवडायच्या सोडून बघत बसायच्या.

कंपनीवर त्याचा राग होता असं लोक समजायचे. मला नाही वाटत. नवा नमुना आला की तो इस्त्रीचा शर्ट घालून वापीच्या दुकानात बघायला जायचा. मला एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं म्हणून त्याच्याबरोबर गेले. दुकान थंडगार, सगळं पांढरं. टेबलावर मोजकी यंत्रं, आमच्याकडे नैवेद्याला ठेवतात तशी. रावजीने रुमालाने हात पुसले आणि यंत्र उलटं करून खालची बाजू बघत राहिला. विकणारा मुलगा त्याला ओळखत होता. घेणार का, असं त्याने विचारलंसुद्धा नाही. बऱ्याच वेळाने रावजी म्हणाला, "काकी, बघा. जिथे कोणी बघणार नाय तिथेपण घासलंय." आणि लगेच त्या मुलाकडे वळून भावावरून भांडला. एवढा भाव लावायला लाज नाही वाटत का, एक स्क्रू तरी उघडा ठेवायचा. मुलगा मान हलवत होता. येताना बसमध्ये रावजी रुमालाच्या घड्या घालत बसला. मुलगी बघून आलेला आणि नकार मिळालेला माणूस असतो तसा.

पाड्यांवर त्याचं नाव झालं होतं. आपल्यातला एक माणूस कंपनी बनवते ते घरात बनवतो, असं म्हातारे सांगायचे. डहाणूला बाजारात गेला तर चहाचे पैसे कोणी घ्यायचं नाही. हे त्याला आवडायचं. फार आवडायचं. पैसा त्याने तसा कधी केला नाही, जे कमावलं ते एवढंच.

मग तलासरीच्या हायवेवर मुकेशचं दुकान उघडलं. गेरूचा डबा, वर पांढरा खेकडा, रावजीपेक्षा स्वस्त. आतला माल हलका, त्यामुळे उन्हाळ्यात डबे पेटायला लागले. लोक जळका डबा घेऊन रावजीकडे यायचे, खेकडा दाखवायचे आणि शिव्या द्यायचे. रावजी तो डबा उचलून लखमीपुढे धरायचा. लखमी पाय मोजायची. मुकेशच्या खेकड्याला पाय बरोबर होते, खऱ्या खेकड्याला असतात तेवढे. त्यावरून कळायचं की हा नकली.

रावजी भांडायला हायवेवर गेला. मला त्याने सोबत नेलं, वयस्कर माणूस असलेलं बरं म्हणून. मुकेशने आम्हाला खुर्च्या दिल्या, थंड मागवलं. रावजी म्हणाला, माझी खूण काढ.

"रावजीभाई, तुम्ही कंपनीला विचारलं होतं का?"

"मी त्यांची खूण नाय लावली."

"मग मान कोणी दिला? तुम्ही त्यांचं सगळं घेतलं आणि नाव टाकलं. मी तुमचं नावपण घेतलं."

मला हसू आलं, मी ते थंडाबरोबर गिळलं. रावजी चौकीवर गेला. तिथल्या हवालदाराने शांतपणे विचारलं की हा कशाचा नकली, आणि तुमचा कशाचा? रावजीने तक्रार दिली नाही.

त्यानंतर त्याने काय करावं? प्रत्येक स्क्रूवर लाख ओतून शिक्का मारायला लागला. शिक्का तुटला तर दुरुस्ती नाही. सुटा भाग बदलायचा तर फक्त त्याच्याकडून. नमुने दोनच ठेवले, लहान आणि मोठा. लाखेचा आणि बाकीचा खर्च म्हणून भाव वाढवला. एक स्टुडिओवाला डहाणूहून आला, त्याला आत थोडी मेमरी वाढवायची होती, बाजारातून स्वतः आणलेली. रावजीने त्याला परत पाठवला. मी चिकू निवडत होते. म्हटलं, "रावजी, आता तेवढी काच लाव आणि पांढरा रंग दे." आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही. पण लाख बंद केली.

मुकेशला शेवटी रावजीने हरवलं नाही, कंपनीनेच हरवलं, आणि त्याच फटक्यात रावजीलाही. कंपनीने आपल्या यंत्राचा मेंदू स्वतः बनवायला घेतला. आधी तो बाजारात कोणालाही मिळायचा, म्हणून रावजी तोच आणून बसवायचा. आता तो तिच्याचकडे, सुटा विकत नाही. नवा कारभार त्या मेंदूशिवाय चालत नाही. रावजीने मला हे चिकूच्या कलमाचं उदाहरण देऊन सांगितलं, ते मी विसरले. लक्षात राहिलं ते एवढं, की आता जमणार नाही.

मुकेशने मोबाइलची कव्हरं विकायला घेतली. रावजीने मानलं नाही. कितीतरी महिने मागे बसून असायचा. दिनेश यायचा, स्टुडिओवाले यायचे. नव्या फोनवर घेतलेलं शूटिंग जुन्या डब्यात उघडत नाही, गिऱ्हाईक जातंय, नवा डबा कधी देता? रावजी सगळ्यांना म्हणायचा, होईल. जमत नाही एवढं म्हणायला त्याची जीभ वळायची नाही. मी म्हटलं, सांगून टाक, त्यात काय? तो म्हणाला, "दिनेशच्या पाड्यावर काय सांगतात माहीत आहे ना, काकी?" मला माहीत होतं.

आणि एक दिवस गेरूचे डबे पुन्हा बाहेर पडायला लागले. नवा खेकडा, लखमीचा, सहा पायांचा. चालतात म्हणे उत्तम. पंख्याचा आवाज नाही. शपथसुद्धा लागत नाही. कॅलेंडर भिंतीवर होतं, पण रावजी त्याकडे बोट दाखवेना. मला बरं वाटलं. काढली पठ्ठ्याने वाट, म्हटलं.

त्याचे डबे मी आमच्या खोक्यांत, पेंढा घालून बांधून द्यायचे, कारण चिकूचा टेम्पो तसाही जायचा. त्या दिवशी दिनेशचा डबा बांधायला घेतला. उचलला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला. वजन होतं, पण सगळं एका कोपऱ्यात. हलवला तर आत काहीतरी गडगडलं. तळाला दगड घालून वजन वाढवणारे व्यापारी मी तरुणपणापासून पाहिलेत. मला राग आला. दिनेश पहिलं गिऱ्हाईक, त्याला दगड?

लाख नव्हतीच. स्क्रू उघडले. आत फडक्यात गुंडाळलेला दगड होता, समुद्रावरचा, गुळगुळीत. आणि बाकी डबा रिकामा. नाही, रिकामा नाही. मधे पट्टीने घट्ट बसवलेली एक चपटी पेटी, जेवणाच्या डब्याएवढी. वरची खूण खरवडून काढलेली. मी ती उलटी केली. खालची बाजू, जिथे कोणी बघणार नाही, घासून गुळगुळीत केलेली होती.

वापीला पाहिलेली वस्तू मी विसरत नाही.

रावजी हात धुवून आला तेव्हा मी ती मांडीवर घेऊन बसले होते. त्याने चपला काढल्या, आत आला, पाहिलं. मी विचारलं, किती दिली अशी? तो म्हणाला, तीन-चार, गिऱ्हाईक स्वतः येऊन घेऊन गेलं ती. कोणत्या भावाने घेतोस? त्यांच्या. कोणत्या भावाने देतोस? आपल्या. मधलं कुठून येतं? तो पुन्हा नळावर हात धुवायला गेला. लखमीला विचारलं तेव्हा कळलं, की बांधावरचे साग तोडून विकले होते, ज्या बांधावरून तो भावाशी भांडायचा. लखमी रंगाची वाटी ढवळत म्हणाली, "आता आमचा नुसता खेकडाच."

म्हणजे हा माणूस आयुष्यभर खोट्याला खऱ्यासारखं चालवत आला आणि शेवटी खऱ्याला खोटं करून विकत होता, तेही तोट्यात. फसवणूक म्हणावी तर गिऱ्हाइकाला सोनं मिळत होतं. मी त्याला मूर्ख म्हटलं. त्याने मान हलवली. वीज एकच, असं म्हणाला नाही.

"दगड कशाला?" मी विचारलं.

"हलका लागला असता. आपला डबा जड असतो, लोकांना माहीत आहे."

"टेम्पो गचके खातो. दगड आपटून आतलं मोडलं तर? साग संपले ना?"

याचा त्याने विचार केला नव्हता. दगड काढून दाराशी ठेवला. मी पेंढा जास्त भरला, सुतळी बांधली. पण मग वजनाचं काय, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. शेवटी म्हणाला, मी स्वतः घेऊन जातो, कोणाला उचलू देत नाही.

मलाही त्या बाजूला वसुली होती, म्हणून टेम्पोत पुढे बसले. तलासरीला पोचलो तर दिनेश, त्याची बायको आणि ती सासू, तिघं अंगणात उभी. शेजारचे दोन-तीन म्हातारेही येऊन बसले होते. दिनेश खोकं घ्यायला धावला. रावजीने त्याला हाताने लांब केलं.

त्या थंडीत रावजी वारला, पाड्यावर, छातीत कळ येऊन. मी तेव्हा आजारी होते, मातीला जाता आलं नाही. त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर शेवटचा रावजी आहे तो दिनेशच्या अंगणातला. एका हातावर पेलेल असं ते खोकं. त्याने ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं, गुडघे वाकवले, दात आवळले. चार पावलं टाकून थांबला, खांदा सावरला, पुन्हा निघाला. पायरीवर तर कण्हलासुद्धा. एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "बघ, केवढा माल घालतो आत. कंपनीचं नुसतंच हलकं असतं."

रावजीने ते ऐकलं. दारात वळून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी टेम्पोवाल्याला म्हटलं, तूसुद्धा जा, जरा हात लाव.